आबांचं नाक

आबांच्या गाळ्यात संत्रं सोलायला बंदी होती. उदबत्ती नाही, अत्तर नाही, पानात जर्दा नाही. दसऱ्याचं झेंडूचं तोरणसुद्धा बाहेर, शटरच्या वरच्या अंगाला. तसबिरीतल्या गणपतीपुढे विजेचा एक लाल दिवा तेवढा जळायचा. "देवाला दिसतंय तेवढं पुरं, त्येला वास कशाला पाहिजे?" असं आबा म्हणत. मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात मिरची, हळद, गूळ, शेंगतेल यांचे वास एकमेकांत मिसळून डोकं उठवायचे, पण आमच्या गाळ्याची पायरी चढली की फक्त दोनच वास यायचे, तांदळाचा आणि तरटाचा.

नोकरीसाठी मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तो बी.कॉम.चा निकाल हातात धरून, आणि केसांना चमेलीचं तेल चोपडून. आबा आत गादीवर बसले होते. पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि चेहऱ्याच्या मानाने दीड पट मोठं नाक. मी पायरीवर पाय ठेवला आणि त्यांनी हात वर केला.

"तितंच थांबा. चमेली हाय. डोकं धुऊन या, मग बोलू."

मी तरातरा घरी गेलो. पेठेतल्या मुलाला असा स्वाभिमान फार असतो, तो दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी कोरडंठाक डोकं घेऊन पुन्हा उभा राहिलो. आबांनी मला वरपासून खालपर्यंत हुंगलं, म्हणजे पाहिलं, पण त्यांचं पाहणं नाकानेच चालायचं. "कांदेपोहे खाऊन आलाय. चालंल. पर उद्यापास्नं कांदा रातच्याला खात जा." झाली मुलाखत. मी त्यांचा दिवाणजी झालो आणि बारा वर्षं राहिलो.

आबा तांदळाचे अडते. नुसत्या तांदळाचे. मावळ-मुळशीकडून माल यायचा, गिरण्यांकडून यायचा, आधी नमुन्याची मूठभर वानगी यायची आणि ती आबांच्या तळहातावर ठेवली जायची. आबा मूठ मिटायचे, तोंडाजवळ नेऊन तिच्यात 'हाऽऽ' करून गरम श्वास सोडायचे, मूठ उघडायचे आणि नाक खाली घालायचे. मग दोनपैकी एक शब्द. "घ्या" किंवा "न्या". तांदूळ चांगला आहे, वाईट आहे, जुना आहे, का नाही घेत, असल्या चर्चेत ते कधी पडले नाहीत. घेणाऱ्यांनाही त्याची गरज वाटत नसे. आबांनी "घ्या" म्हटलं म्हणजे तो आंबेमोहर होता, विषय संपला. कारण आंबेमोहराची गंमत अशी की डोळ्यांना तो काहीच सांगत नाही. आखूड, ठिसूळ, जरा गबाळाच दिसणारा दाणा. त्याच्यासारखे दिसणारे दुसरे तांदूळ ढिगाने मिळतात आणि त्याच्या नावाने ढिगाने खपतात. खरा कोणता ते फक्त वासावर कळतं, आणि तो वास, आंब्याच्या मोहराचा म्हणतात तो, गार दाण्याला अगदी पुसट असतो. मला तर पहिली दोन वर्षं तो आलाच नाही. मी येतो म्हणून सांगायचो.

बासमतीवर त्यांचा राग होता. "वऱ्हाडातल्या व्याह्यांसारखा हाय त्यो. लांब, ताठ, आन् एकमेकाला शिवायचं न्हाई." लग्नाला बोलावलं तर आबा जात, पण पंगतीत त्यांची रीत ठरलेली. वाढप्याला वरण वाढू द्यायचे नाहीत. पहिला घास कोऱ्या भाताचा, डोळे मिटून. तेवढा वेळ आजूबाजूचे चार जण आपले घास हातात धरून थांबत. एका लग्नात त्यांनी डोळे उघडले आणि यजमानांना बोलावून हळूच सांगितलं, "पोरगी चांगल्या घरी दिलीत. तांदूळ मात्र वाईट घरचा आणलात." त्यानंतर त्या घरातली दोन लग्नं आबा गावाला गेलेले असताना उरकली, असं यार्डात म्हणत.

रोज दुपारी एकला गाळ्यात मागच्या बाजूला गॅसवर तीन छोट्या पातेल्यांत तीन वानग्यांचा भात शिजायचा. मीठ नाही, तूप नाही. आम्ही सगळे, हमालसुद्धा, गोल बसून तो खायचो. डोळे मिटून. "डोळं उघडं ठिवून भात खाल्ला की मानूस फसतो," आबा म्हणायचे, आणि कोणी चोरून एक डोळा किलकिला केला तर त्यांना ते मिटल्या डोळ्यांनी कळायचं. त्यांचा मुलगाही शाळेत असल्यापासून सुट्टीच्या दिवशी या पंगतीला असायचा. तो पुढे एमबीए झाला आणि परत आला तो पिशव्या घेऊन. एक किलोच्या, पाच किलोच्या, चकचकीत, खिडकी ठेवलेल्या पिशव्या. त्याचं म्हणणं, मूठ हुंगून धंदा करायचे दिवस गेले, आता पॅकिंग हवं, ब्रँड हवा, गादी हलवून तिथे यंत्र बसवावं. त्या दिवसापासून आबा त्याला 'साहेब' म्हणायला लागले.

"आबा, जग कुठे चाललंय बघा."

"चालू द्या की, साहेब. मी बसलोय."

बापलेकांत एका गोष्टीवर एकमत झालेलं मी कधी पाहिलं नाही. आबा म्हणाले आज गुरुवार, तर हा भिंतीवरचं कॅलेंडर बघायचा. आणि आबाही कमी नव्हते. "साहेबांचं नाक निस्तं चष्मा ठिवायला दिलंय देवानं," हे ते त्याच्या तोंडावर, गिऱ्हाइकांसमोर म्हणत. मला ते आवडायचं नाही. पण दिवाणजीच्या आवडीनिवडीला कोण विचारतो!

एका डिसेंबरात आबांना ताप आला. आठ दिवस घरी होते. सर्दी झाली, गेली, आबा पुन्हा गादीवर येऊन बसले. पंधराएक दिवसांनी दुपारी मी बँकेतून परत आलो तर गाळा धुराने भरलेला. मागे एक पातेलं कोळसा झालं होतं. आणि आबा त्या गॅसपासून चार हातांवर, पाठ करून, पेपर वाचत बसले होते.

मी धावत जाऊन गॅस बंद केला. पातेल्यात पाणी ओतल्याचा चर्रकन आवाज झाला तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. मग पातेल्याकडे. मग माझ्याकडे.

"करपलं?" त्यांनी विचारलं.

कच्च्या दाण्याला दोन पावसाळ्यांपूर्वी कुठे ओल लागली होती ते सांगणारा माणूस मला विचारत होता, करपलं?

"आबा, कधीपासून?"

"तापापास्नं." ते पेपरची घडी घालत राहिले. "डॉक्टर म्हनला यील परत, न्हाई बी येनार. दिवाणजी, ह्ये भाईर गेलं तर संपलं. नाक नसलेल्या अडत्याच्या दारात कोन यील? आन् साहेब तर दुसऱ्या दिवशी गादी उचलून यंत्र आनतील. मला मंग घरी बसून काय करायचं, सांगा. टीव्ही बघू?"

मी म्हणालो, "मी हुंगतो."

असा मी आबांचं नाक झालो. वानगी आली की चिठ्ठी लावायला आधी माझ्याकडे यायची. मी पाठमोरा होऊन तिच्यावर 'हाऽऽ' करायचो. दहा वर्षं एकच्या पंगतीला डोळे मिटून जेवल्याचा उपयोग तेव्हा कळला. खरा आंबेमोहर असला तर मी पेन कानावर ठेवायचो. नसला तर खिशात. मग वानगी आबांच्या तळहातावर जायची, ते मूठ मिटायचे, श्वास सोडायचे, नाक खाली घालायचे, सगळं पूर्वीसारखं सावकाश, आणि मान वर करताना एकदा माझ्या कानाकडे बघायचे. "घ्या." मला त्या वेळी त्यांच्याकडे बघवायचं नाही.

एकदा मी चुकलो. मला सर्दी होती आणि मी ते सांगायला लाजलो. दहा पोती परत आली आणि गिऱ्हाईक, जुनं, सभ्य गिऱ्हाईक, गाळ्यात उभं राहून म्हणालं, "आबा, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." आबांनी हात जोडले. "चुकलं माझं." मी तोंड उघडत होतो, त्यांनी नुसती बोटाने गप्प बसायची खूण केली. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "तुम्हाला सर्दी झाली की रजा घ्या. दोघांला बी नाक नसंल तर धंदा कसा चालायचा?" आणि हसले. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

साधारण वर्षभर हे चाललं. मग साहेबाने गोव्याचं काढलं. तिथे समुद्रकाठच्या एका गावात एका जपानी माणसाने सुशीचं हॉटेल थाटलं होतं. सुशी म्हणजे भाताच्या बोटभर मुटक्यावर कच्च्या माशाचा काप. त्याचा तांदूळ जपानहून यायचा, तो वेळेवर मिळेना, म्हणून तो आपल्याकडचा एखादा आखूड, चिकट तांदूळ शोधत होता. साहेबाने त्याला फोनवर आंबेमोहर सांगितला. ही ऑर्डर मिळाली तर पिशव्यांचा धंदा कसा करायचा ते मी दाखवतो, असं साहेबाने आबांना ऐकवलं. आबा हसण्यावारी नेतील असं मला वाटलं होतं, पण ते म्हणाले, "मी बी येतो. आकूड तांदूळ खानारी मानसं शहानी असनार. दिवाणजीबी येतील."

साहेबाच्या गाडीतून गेलो. आबा मागे, मांडीवर पाच किलोची वानगी. साहेब म्हणाला डिकीत ठेवा, तर "स्टेपनीच्या रबराचा वास लागतो." साहेबाने आरशातून बघून कपाळाला हात लावला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. संध्याकाळी तांदूळ पोचता केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, हॉटेल उघडायच्या आधी, त्या जपानी माणसाने आम्हाला जेवायला बोलावलं.

दारावर एक इंग्रजी पाटी होती. आबांनी विचारलं, काय लिहिलंय. साहेब वाचून म्हणाला, "कृपया अत्तर, सेंट लावून आत येऊ नये, असं लिहिलंय."

"परत वाचा."

त्याने परत वाचलं. आबा पाटीसमोर टोपी सारखी करत उभे राहिले. पन्नास वर्षं लोक ज्या गोष्टीसाठी त्यांना चक्रम म्हणत होते ती कोणीतरी काचेच्या दारावर लिहून लावली होती. "ह्यो आपल्यातला मानूस हाय," ते मला म्हणाले. डोळे पाणावले होते त्यांचे, खोटं नाही सांगत.

आत लाकडी फळीपलीकडे तो जपानी आचारी उभा होता. साठीचा, डोक्याला पांढरं फडकं, हात धुऊन धुऊन लाल झालेले. त्याने कमरेत वाकून नमस्कार केला. आबांनी हात जोडून वाकून केला. तो आणखी वाकला. आबाही वाकले. शेवटी साहेबाने आबांना धरून खुर्चीवर बसवलं. दार उघडताक्षणी एक गोडसर आंबट वास माझ्या नाकात शिरला होता, पण लोणचंबिणचं असेल म्हणून मी सोडून दिला. आणखी एक घोडचूक मी केली होती. गोव्याला आलोय म्हणून बिनखिशाचा टी-शर्ट घातला होता आणि पेन लॉजवर राहिलं होतं.

आचाऱ्याने डाव्या तळहातावर भात घेतला, दोन बोटांनी दाबला, वर माशाचा गुलाबी काप बसवला आणि मुटका आबांपुढे ठेवला. आबांनी कौतुकाने पाहिलं. "मासा कच्चा आहे, आबा," मी म्हणालो. "असू दे. मासा माझा विषय न्हाई." त्यांनी काप उचलून ताटलीच्या कडेला ठेवला. आचाऱ्याच्या भुवया वर गेल्या. आबांनी कोरा भात तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"आंबलाय."

"काय?" साहेब म्हणाला.

"भात आंबलाय. कालचा हाय." आणि मग आचाऱ्याकडे वळून, यार्डातल्या आवाजात, "कल का चावल खिलाते मेहमान को? बाहर पाटी लगाते, और अंदर ये?"

आचारी दगडासारखा उभा. त्याला हिंदी पुरतं कळत होतं.

"आबा, ओरडू नका," साहेब दबक्या आवाजात म्हणाला. "व्हिनेगर आहे ते. सुशीच्या भातात घालतातच. दारातनंच तर वास येतोय घमघम..."

आणि तो थांबला. त्याने आबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली आणि माझा हात आपोआप कानाकडे गेला, नसलेलं पेन चाचपायला. साहेब हुशार होताच. वर्षभर माझं पेन सारखं जागा बदलताना तो बघत आला होता आणि मनातल्या मनात मला वेंधळा म्हणत आला होता.

आबा हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

आचाऱ्याने मात्र बिचाऱ्याने समजूत काढायचं ठरवलं. त्याला वाटलं, पाहुण्याला आंबट नको. त्याने साध्या भाताच्या दोन वाट्या आणून ठेवल्या, वाफाळत्या, व्हिनेगर नसलेल्या. "एक जापान का, एक आप का. कौन सा, आप बताओ," असं म्हणून तो कौतुकाने आबांकडे बघत राहिला. त्याने आबांचा मान ठेवला होता. त्याला काय ठाऊक!

मला डाव्या वाटीचा वास बसल्या जागी येत होता. आबांनी पहिली वाटी जवळ घेतली, तिच्यावर नाक धरलं, बराच वेळ. मग दुसरी. दोन्हींतला घास घेतला, डोळे मिटून चावला.

"ह्यो," आबा म्हणाले, आणि उजव्या वाटीवर बोट ठेवलं.

आणि साहेब, भिंतीवरच्या कॅलेंडरशी आबांचा वार ताडून बघणारा साहेब, शांतपणे म्हणाला, "बरोबर, आबा."

आबांनी त्याच्याकडे वळून पाहिलं.

"जन्मात पहिल्यांदा बरोबर म्हनलात, साहेब," ते म्हणाले. "म्हंजी चुकलं माझं."

आबांनीच सांगितलं, सरळ, पोतं खाली ठेवावं तसं. "वास येत न्हाई मला. सालभर झालं. दिवाणजी हुंगतात आन् मी बोलतो. लोकांला फशिवलं म्या." मग दोन्ही वाट्या त्यांनी मुलापुढे सरकवल्या. "आता तू सांग."

साहेब म्हणाला, "मला कुठे कळतं त्यातलं?" पण वाटी उचलली त्याने. तळहातावर भात घेतला, मूठ मिटली, 'हाऽऽ' केलं आणि डोळे मिटले. असं कर म्हणून त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मिटल्या डोळ्यांचा तो मला एकदम एकच्या पंगतीतला शाळकरी पोरगा दिसला.

"डावीकडची आपली," तो म्हणाला. "यंदाची नाही, गेल्या सालची आहे. आणि आबा, पोत्याला कडेनं ओल लागलीय थोडी."

ओल मलाही कळली नव्हती. आचाऱ्याने मान हलवली, डावी, डावी. आबांनी ती वाटी ओढून घेतली आणि त्यातला सगळा भात, एकेक घास करून संपवला. मग कडेला ठेवलेला मासाही खाल्ला. "चांगला हाय," आचाऱ्याला म्हणाले, आणि ओरडल्याबद्दल हात जोडले. दोघं पुन्हा वाकत राहिले.

ऑर्डर काही मिळाली नाही. आंबेमोहर ठिसूळ, व्हिनेगर मिसळताना दाणा मोडतो, असं त्या आचाऱ्याने फार वाईट वाटून सांगितलं. परतीच्या वाटेत आबा मागच्या सीटवर झोपले. कऱ्हाडच्या पुढे साहेबाने आवाज लहान करून मला विचारलं, "पेनाचं कसं होतं?" मी सांगितलं. कानावर म्हणजे घ्या, खिशात म्हणजे न्या. आता हा गादी उचलणार, आणि आपली नोकरीही जाणार, असं मी समजून चाललो.

सोमवारी मला यायला जरा उशीर झाला. पायरीपाशी पोचलो तेव्हा एका गिरणीवाल्याची वानगी आलेली होती आणि गिऱ्हाइकं उभी होती. आबा गादीवर. त्यांनी मूठ मिटली, श्वास सोडला, नाक खाली घातलं, सगळं सावकाश, आणि मान वर करताना सवयीने माझ्या जागेकडे पाहिलं. तिथे साहेब उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, आणि त्याच्या कानावर माझं पेन होतं.

आबांनी आधी पेन पाहिलं, पेनाखालचा चेहरा पाहिला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "घ्या."

गिऱ्हाइकं पायरी उतरून गेली. आबांनी मूठ झटकली, टोपी सारखी केली आणि मुलाकडे न बघता म्हणाले,

"काढ त्ये कानावरचं. दिवाणजी दिसतोयस. हितं ये, गादीवर बस."